केळीच्या नर्सरीतलं पाणी: मृगबागेच्या लॉटच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

मृगबागेचा, म्हणजे मृगात लावायच्या केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचा (लॅबमध्ये बाटलीत वाढवलेली रोपं) पहिला लॉट आज आला. गाडी रात्रीची निघाली होती म्हणून पहाटेच पोचली, ते बरं झालं, ऊन चढायच्या आत सगळ्या बाटल्या शेडमध्ये गेल्या. जात तीच, ग्रँड नैन, आपल्याकडे जी-नाईन म्हटलं की कळतं. विषाणू तपासणीचं सर्टिफिकेट साहेबांनी फाईलला लावलं. आता हिशेब असा की साधारण दीड महिना ग्रीनहाऊसमध्ये ट्रेत, पुढचे दीड-दोन महिने शेडनेटखाली पिशवीत, आणि जूनमध्ये मृग लागला की रोप शेतकऱ्याच्या वावरात. ऐकायला सोपंय. मधे एप्रिल आणि मे येतो, आणि जळगाव जिल्ह्यातला रावेर-भुसावळकडचा मे ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको.

या लॉटपासून ट्रे उचलण्याच्या कामासोबत मला एक लिहायचं काम लागलंय. साहेब म्हणजे आमचे सुपरवायझर, ॲग्री डिप्लोमावाले, माणूस चांगलाय. त्यांचं म्हणणं असं की पाणी मारायचं सगळं ज्ञान एकट्या जिजीच्या (आमच्याकडे पाईपाने पाणी मारणारी बाई) डोक्यात आहे आणि हे बरोबर नाही, ती चार दिवस लेकीकडे गेली की आपण आंधळे. तू बारावी झालेला आहेस, ती काय करते ते बघ, वेळा टिपून घे आणि एक टाईमटेबल काढ, मग आपण टायमर बसवू आणि पाईप सोडून देऊ.

जिजीला सांगितलं तर म्हणे, "लिही ना भो, पन पाईपाच्या मंधी मंधी येऊ नको."

१४ फेब्रुवारी

बाटल्या फोडायचं काम (फोडायचं म्हणतात, फोडत कोणी नाही, झाकण काढून रोपं काढतात). टेबलाला बाया बसल्या, टबात पाणी, रोपाच्या मुळाची जेली अगदी स्वच्छ धुवायची कारण त्यात साखर असते, राहिली की बुरशी धरते. मग बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढायचं, लहान-मध्यम-मोठं वेगळं करायचं आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या प्रो-ट्रेत, म्हणजे घरं पाडलेल्या ट्रेत लावायचं. मोठी रोपं लहानांत मिसळली की पुढं मोठ्यांची पानं लहानांवर सावली धरतात आणि लहान तशीच बसतात, म्हणून ग्रेडिंगला दोन जुन्या बायाच लागतात, नवीन पोरींना ते टेबल देत नाहीत. लावणी उक्ती आहे, ग्रेडिंग मात्र हजेरीवर.

लावलेले ट्रे लगेच ग्रीनहाऊसच्या आतल्या प्लास्टिकच्या बोगद्यात. साहेबांनी कारण सांगितलं ते लिहून ठेवतो: बाटलीतल्या रोपाने कोरडी हवा कधी बघितलेली नसते, पानावर मेणाचा थर धड नसतो, पानाची छिद्रं नीट मिटत नाहीत, त्यामुळे उघड्यावर ठेवलं की बघता बघता सुकतं. म्हणून सुरुवातीला हवेत ८०-९० टक्के ओल लागते. मुळंही बाटलीतली, नावाला असतात, नवीन फुटेपर्यंत रोप हवेच्या ओलीवरच जगतं.

२० फेब्रुवारी

टाईमटेबल सुरू करायला वहीत सकाळ-दुपार-संध्याकाळ असे रकाने पाडले आणि पहिल्या आठवड्यात ते सगळे रिकामे राहिले, कारण जिजीने ट्रेला पाणी मारलंच नाही. नुसती बोगद्याच्या बाजूने फिरते. प्लास्टिकला आतून थेंब धरलेत का बघते, धरले असतील तर पुढं जाते, प्लास्टिक कोरडं दिसलं की फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारे नोझल) दोन मिनिटं सोडायला लावते. एके ठिकाणी थेंब फारच झाले, तर प्लास्टिकचं टोक हातभर उचलून ठेवलं.

साहेबांना सांगितलं की पहिल्या आठवड्याचं टाईमटेबल म्हणजे "थेंब बघा". ते म्हणाले, किती वाजता? मी म्हटलं वाजता नाही साहेब.

२८ फेब्रुवारी

बोगद्याचं प्लास्टिक थोडं थोडं करून काढलं, आधी संध्याकाळी, मग सकाळीपण, मग पूर्ण. आता खरं पाणी सुरू झालंय आणि आता खरी गंमत.

आमचं ग्रीनहाऊस फॅन-पॅडचं. एका भिंतीला ओले पॅड, समोरच्या भिंतीला मोठे पंखे, पंखे हवा ओढतात आणि पॅडमधून गार हवा आत येते. पण ती हवा पंख्यापर्यंत पोचेस्तोवर तापते आणि कोरडी होते. आज दुपारी थर्मामीटर दोन्हीकडे धरला, पॅडकडे २७, पंख्याकडे ३२. एकाच छताखाली, एकाच वेळी. म्हणजे पॅडकडच्या ट्रेला दिवसाआड पाणी पुरतं आणि पंख्याकडच्या ट्रेला दिवसातून दोनदा लागतं, आणि मधले कुठं बसतात ते त्या दिवशीच्या हवेवर. त्यात प्रत्येक ट्रेची कडेची घरं मधल्या घरांच्या आधी सुकतात. जिजी काय करते तर पाईपाचा शॉवर पॅडकडून निघताना भरभर फिरवते, पंख्याकडे जाता जाता हात आपोआप हळू होतो, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला कडेवर एक जादा फेरा देते. तिला विचारलं हे कुठं शिकलीस, तर म्हणे कोन शिकवतं, मरेल (मेलेले) ट्रे पाह्यले.

टायमर सगळ्यांना सारखं पाणी देतो. इथं सारखं पाणी म्हणजे अर्ध्या ट्रेंना जास्त आणि अर्ध्यांना कमी. हे आज वहीत दोनदा अधोरेखित केलं.

५ मार्च

कोकोपीट फसवतं. वरून भुरकं कोरडं दिसतं आणि खाली निथळत असतं, उलटंपण होतं. जिजी वरून बघतच नाही, ट्रेचा एक कोपरा बोटावर उचलते आणि खाली ठेवते, झालं.

आज खताच्या गोडाऊनमधला काटा आणला. जिजीने एका ओळीतले ट्रे "याला दे, याला नको" असे दोन भागात केले आणि मी मागून वजन केलं. नको म्हटलेले जड, दे म्हटलेले हलके, बरोबर निघालं. एक ट्रे मात्र हलका असून तिने नको सांगितला होता. मला वाटलं सापडली. तर तिने दोन रोपांच्या बुडाशी पांढरं दाखवलं, बुरशी सुरू होत होती आणि तिला तो ट्रे एक दिवस कोरडाच ठेवायचा होता. साहेब जाम खूश झाले, म्हणे मग वजनाचा आकडा टाकू टाईमटेबलमध्ये. टाकला. पण रोप वाढेल तसं वजन बदलणार, हे मी म्हटलं आणि तेही म्हणाले हो रे.

१५ मार्च

शेवाळ आलं पॅडकडच्या दोन ओळींत. पाणी कमी केलं, संध्याकाळचं पाणी बंद, रात्री पान ओलं राहायला नको. १९:१९:१९ खताची (नत्र-स्फुरद-पालाश) हलकी फवारणी चालू. सिलेक्शन झालं: पांढरे पट्टे आलेली, खुजी, अरुंद पानाची रोपं काढून टाकली. टिश्यू कल्चरमध्ये अशी थोडीफार निघतातच, ती इथंच काढायची, शेतकऱ्याच्या वावरात गेली तर वर्ष जातं त्याचं.

२१ मार्च

सातपुड्यातले सगळे आदिवासी गडी भोंगऱ्याला (होळीआधीचा त्यांचा बाजार-सण) गेले, होळी करूनच येतील. मुकादम दरवर्षी बोंबलतो जणू त्याला आत्ताच कळलं. होळी त्यांचा सगळ्यात मोठा सण आहे, कॅलेंडरात छापलेलाय, पिशव्या आधी भरून घ्यायला काय झालं होतं.

१ एप्रिल

पिशव्या भरून झाल्या, गाळाची माती, शेणखत, वाळू. कालपासून ट्रेतली रोपं पिशवीत. चार-पाच पानं झालीत, कोकोपीटचा गड्डा न फुटता बाहेर येतोय, पांढरी मुळं भरपूर. ग्रीनहाऊसमध्ये मेलेली रोपं शंभरात चार-पाच, मागच्या लॉटपेक्षा कमी.

आजपासून रोजगार हमीचा दर २७३ वरून २९७ झाला. आमच्याकडे बायांची हजेरी २५०, गड्यांची ४००. जिजी बाई आहे म्हणून २५०. पाईप गड्याच्या हातात असता तर "ऑपरेटर" म्हणाले असते. हे मी मुकादमासमोर बोललो, तो म्हणे पाणी मारायला काय लागतं, पाईप तर धरायचा. रोगर (कीटकनाशक) मारणाऱ्याला मात्र वेगळा रोज आहे.

१० एप्रिल

गिलक्याच्या (घोसाळ्याच्या) वेलावरून आज भांडण. शेडच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ बायांनी गिलके लावले होते, चांगले लागले होते, दोनदा भाजी पण झाली होती इथंच. साहेबांनी वेल उपटायला लावला. बाया चिडल्या, एक तर म्हणाली तुमच्या रोपाला काय खातो तो वेल.

खातो असं नाही, पण साहेबांचं बरोबर होतं. कुकुंबर मोझॅक हा विषाणूचा रोग, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तो काकडी, गिलके, भोपळा, टोमॅटो, मिरची असल्या कशातही राहतो आणि मावा तिथून उचलून केळीवर आणतो. एकदा आला की औषध नाही, झाड उपटून गाडायचं नाहीतर जाळायचं. जिल्ह्यात पावसाळ्यात किती शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्यात ते सगळ्यांना माहिती. तरी सांगायची पद्धत असते. साहेबांनी बायांना मागं नेऊन एका पानाखालचा मावा दाखवला असता तर त्यांनी स्वतः उपटला असता. जिजीने शेवटी तेच केलं, पण वेल उपटल्यानंतर.

२४ एप्रिल

शेडनेटखाली टायमर बसला. वरून मायक्रो स्प्रिंकलर, टायमर लावला की आपोआप. बसवणारा माणूस शहरातला, त्याने सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ अशा वेळा टाकल्या आणि गेला.

दुपारी १ ला पाणी सुटलं. काळा पाईप सकाळपासून उन्हात पडलेला, त्यातलं साचलेलं पाणी सगळ्यात आधी निघतं, मी नोझलखाली थर्मामीटर धरला तर पारा ५० च्या वर. प्रत्येक नोझलच्या जवळची कोवळी पानं वाफवल्यासारखी झाली, नेमके गोल. जिजी धावत आली, व्हॉल्व बंद केला आणि मला म्हणाली, "पाह्य, आता लिही हे." दुपारी पाणी मारायची वेळ आलीच तर ती पाईपाचं तोंड आधी चारीत धरते, हाताला गार लागलं की मगच रोपावर फिरवते. मला ते इतके दिवस दिसत होतं आणि मी त्याला पाईप धुणं समजत होतो.

पानं गेली, रोपं वाचली, पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) हिरवा आहे. साहेबांनी टायमरची दुपारची वेळ काढली आणि उन्हातला पाईप मातीत गाडायला सांगितला. चांगला निर्णय.

२ मे

पिशव्या हलवल्या. एका जागी ठेवल्या की मुळं पिशवीच्या भोकातून खाली जमिनीत जातात आणि मग गाडीत भरताना तुटतात, म्हणून मधे एकदा सगळ्या उचलून दुसरीकडे मांडायच्या, उंचीप्रमाणे. वाकून वाकून कंबरडं मोडतं. दुपारची लाईट गेली, जनरेटर एवढा भार ओढत नाही. भाकरी, ठेचा, कांदा, टाकीजवळ अर्धा तास झोप.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

जिजीची लेक माहेरी आली आणि जिजी सुट्टीवर गेली. सोमवारी १३ ला मतदान, म्हणजे ती मंगळवारीच येणार. साहेबांनी ज्याची भीती घातली होती तेच, आणि तेही मे महिन्यात. गावात झोके बांधलेत, बाया गाणी म्हणतायत, घरोघर आमरस, आणि मी आणि निंदणीतली एक पोरगी हातात कागद घेऊन शेडनेटखाली.

कागदात आता लिहिलं होतं: पिशवीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला, ओल लागली तर सोडा. पश्चिमेच्या कडेच्या चार ओळी आधी, तिकडून संध्याकाळचं ऊन नेटखाली घुसतं. पाईप आधी चारीत. पाणी सकाळी ९ च्या आत. दुपारी पानं मिटून खाली झुकली तर घाबरू नका, संध्याकाळी उठतात का बघा, सकाळीही पडलेली असली तर मात्र तहान.

ही शेवटची ओळ नसती तर आम्ही भर दुपारी सगळ्यांना पाणी घातलं असतं, कारण दीड वाजता सगळा लॉट मान टाकून होता. केळीचं पान उन्हात मधल्या शिरेवर मिटतं, तेवढाच उन्हाचा मारा कमी. पोरीचा जीव राहत नव्हता, तिला मी कागद वाचून दाखवला, तिने ऐकलं. संध्याकाळी उठली रोपं.

१४ मे

जिजी आली, सरळ पश्चिमेच्या कडेला गेली, चार पिशव्यांत बोट घातलं आणि म्हणाली, "ठीक आहे." नंतर तिकडच्या कोपऱ्यात दोन ओळी दाखवल्या, तिथं जास्त पाणी झालेलं, खालचं पान पिवळं पडायला लागलंय. तिथं जमिनीला खोलगट आहे आणि शेजारचं पाणी वाहून तिथं साचतं, कागदात हे नव्हतं. घातलं.

पोरीच्या बोटाला आता अंदाज येतोय. साहेबांना हे सांगितलं की कागदाने काम होतं पण सोबत चार दिवस हात धरून फिरवलेलं माणूस पाहिजे.

२५ मे

उन्हामुळे जिल्ह्यात ३ जूनपर्यंत कलम १४४ लावल्याचं पेपरात आलंय, त्यात मजुरांकडून काम घेताना सावली-पाण्याची सोय मालकाने करायची असंही आहे. आमच्याकडे त्याच्या आधीच वेळ बदलली, सकाळी ६ ते ११ आणि मग ५ नंतर. मुकादमाने दुपारच्या तासांची हजेरी कापायचा प्रयत्न केला, बाया बसून राहिल्या, तासाभरात शेठचा फोन आला, पूर्ण हजेरी. नेटवर दुसरं नेट ओढलं. रात्री दहा वाजतासुद्धा पत्रा हाताला गरम लागतो.

जिजीला दुपारी चक्कर आली. ओआरएस दिलं, घरी पाठवलं. पाईप पोरीकडे.

१ जून

संध्याकाळी वादळ. नेट दोन ठिकाणी फाटलं, पाऊस नाहीच. बाहेर शेतांत निसवलेल्या (घड बाहेर पडलेल्या) केळी आडव्या, त्यांचं नुकसान बघवत नाही, आपलं तर नेटच आहे.

आजपासून रोपांचं पाणी मुद्दाम कमी आणि फाटलेलं नेट साहेबांनी तसंच ठेवायला लावलं, वावरात जायच्या आधी थोडं ऊन लागू दे. हे ऐकून बरेच जण हसले, पण बरोबरच आहे, इथं लाडात वाढलेलं रोप उघड्या वावरात पहिल्या आठवड्यात जळतं.

८ जून

मृग लागला. डिस्पॅच सुरू. गाडीवर क्रेट, मोजणी, पावती, शेतकरी स्वतः आलेले, कोणी पान उलटून मावा बघतो, कोणी पिशवी दाबून मुळं बघतो. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ रोपं बसतात, शेतकरी १८०० नेतात, नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला. यावल तालुक्यातले एक आबा गाडी भरून झाली तरी जाईनात, म्हणे लावल्यावर पाणी कधी कधी देऊ, ड्रिप किती तास चालवू. साहेब तास सांगायला लागले. जिजी मधेच म्हणाली, आबा तुमची माती कोणती, काळी का पांढरी? काळी, म्हणे. मग पहिल्यांदा भरपूर द्या आणि मग माती उकरून पाहून द्या, रोज देऊ नका, काळीत कंद सडतो. आबांनी तेवढंच लक्षात ठेवलं असणार.

१५ जून

लॉट संपला. टायमरचं काय ठरलं: ग्रीनहाऊसच्या फॉगरला आणि शेडनेटच्या सकाळच्या पाण्याला राहील, ट्रेला आणि कडेच्या ओळींना हातानेच. माझ्या कागदात घड्याळाची वेळ फक्त दोन ठिकाणी राहिली, सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ट्रेला नाही. बाकी सगळं थेंब बघा, कोपरा उचला, बोट घाला, हात लावून बघा असं आहे. साहेबांनी तो लॅमिनेट करून ग्रीनहाऊसच्या दाराला लावला.

हजेरीचं: निंदणीतली पोरगी आता पाण्यावर, २५० वरच. जिजीला ३०० करा असं साहेबांनी शेठला सांगितलं, शेठ म्हणाले दिवाळीत बघू. जिजी म्हणाली दिवाळीत कांदेबागेची (मृगानंतरच्या पुढच्या हंगामाची केळी) गाडी भरायची गर्दी असते, तेव्हा मीही पाहीन. कांदेबागेच्या बाटल्या जुलैत येतील, त्याच्या आत शेडनेटखालची पश्चिमेकडची खोलगट जागा भरून घ्यायची आहे, मुरूम सांगितलाय.